संगणक अद्ययावत करताना चिपसेट आणि प्रोसेसरची निवड

मदरबोर्डवर जिथे प्रोसेसर स्वतः पोहोचत नाही, तिथली कामे पाहणारी चिप म्हणजे चिपसेट. बहुतेक यूएसबी, साटा (हार्ड डिस्क-एसएसडीची जोडणी), नेटवर्क आणि जादाचे एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची जागा) तिच्यामार्फत चालतात. रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि बहुतेक नव्या बोर्डांवर पहिला एम.२ स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेले असतात. म्हणूनच महागडा चिपसेट घेतल्याने संगणकाचा वेग वाढत नाही. वाढतात त्या जोडण्या आणि सोयी. पुण्यात तापकीर गल्लीत विचारा किंवा ऑनलाइन मागवा, पहिला प्रश्न सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा), दुसरा कामाचा आणि तिसरा चिपसेटचा, हा क्रम मोडू नये.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागते आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका व त्यापुढचे प्रोसेसर लागतात. सहाव्या-सातव्या पिढीचा संगणक असलेल्यांना इथे एक मोह पडतो: बोर्ड तसाच ठेवून आठव्या पिढीचा सेकंडहँड प्रोसेसर बसवण्याचा. दोन्हींचे सॉकेट एलजीए ११५१च आहे आणि प्रोसेसर बसतोही, पण १०० व २०० मालिकेच्या चिपसेटवर तो अधिकृतपणे चालत नाही. त्याला ३०० मालिकेचा बोर्ड हवा. प्रोसेसर बसला म्हणजे चालला, असे इंटेलच्या बाबतीत समजू नये.

याउलट एएमडीचे एएम४ सॉकेट २०१७च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत टिकले. ज्याच्याकडे बी४५० चिपसेटचा बोर्ड आणि डीडीआर४ रॅम आहे, त्याने सगळा संगणक बदलण्याआधी फक्त प्रोसेसर बदलण्याचा हिशेब जरूर करावा. रायझन ५ ५६०० हा ६ कोअरचा, ६५ वॅटचा प्रोसेसर. त्यात ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद स्मृती) आहे, मात्र अंगभूत ग्राफिक्स नाही. ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, पण कॅश १६ एमबी आणि पीसीआयई (कार्ड व एम.२ जोडणारी वाट) ३.०पुरतेच. वेगळे कार्ड असेल तर ५६००, नसेल तर ५६००जी. बी५५०वर ग्राफिक्स कार्ड आणि पहिल्या एम.२ला पीसीआयई ४.० मिळते, बी४५०वर ३.०च राहते. साध्या वापरात हा फरक जाणवत नाही, त्यासाठी चालता बोर्ड काढून टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

प्रोसेसर बदलण्याआधी बायोस (बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे सक्तीचे, आणि ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. बोर्डाच्या मागच्या अंगाला बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल, तरच एफएटी३२ पेनड्राइव्हवरून प्रोसेसरविना हे काम होते. बोर्डाची आवृत्ती नीट वाचावी. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांची फाइल वेगळी असू शकते. फ्लॅश, म्हणजे नवे बायोस भरणे, चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पावसाळ्यात शहराच्या कडेच्या भागांत वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून यूपीएसशिवाय बायोसला हात लावू नये. काही एएम४ बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची आहे. तिच्यात सगळ्या पिढ्या मावत नाहीत, त्यामुळे नव्या बायोसनंतर सर्वांत जुने प्रोसेसर चालेनासे होतात. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी. प्रोसेसर बदलला की त्यातले टीपीएमही बदलते आणि विंडोज ती की मागते.

नवा बोर्डच घ्यायचा असेल तर इंटेलच्या एलजीए १७००वर १२, १३ आणि १४ या तीन पिढ्या चालतात. बोर्ड डीडीआर४चे आणि डीडीआर५चेही येतात; खाचा वेगळ्या असल्याने एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. जुनी रॅम वापरायची असेल तर बोर्डाच्या नावातला डी४ किंवा डीडीआर४ शोधावा. एच६१०वर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि प्रोसेसरकडून येणारी एम.२ची वाट बंद असते. कार्यालयीन कामाला तो पुरतो. बी७६०वर रॅमचा वेग वाढवता येतो, पण ‘के’ प्रोसेसरचे गुणक (वेग ठरवणारा आकडा) खुले करायला झेड मालिकेचा चिपसेटच लागतो. बी७६०वर ‘के’ घेऊन ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाची, अपेक्षा ठेवणे ही नेहमीची चूक. १३ व १४व्या पिढीच्या जास्त वॅटच्या प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचे इंटेलने २०२४मध्ये मान्य केले. त्याच वर्षी आलेले ०x१२बी किंवा त्यानंतरचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) असलेले बायोस घालूनच असा प्रोसेसर वापरावा. ते पुढची हानी टाळते, झालेली भरून काढत नाही. त्यामुळे हे प्रोसेसर सेकंडहँड घेऊ नयेत.

लग्नाच्या शूटिंगचे संपादन करणाऱ्यांसाठी इंटेलचा एक गुण निर्णायक ठरतो. अनेक कॅमेरे १०-बिट ४:२:२ एच.२६५ या दाबलेल्या व्हिडिओ प्रकारात चित्रण करतात. ते उलगडण्याची सोय इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आहे, तर बऱ्याच ग्राफिक्स कार्डांत नाही. थोडे पैसे वाचवायला अंगभूत ग्राफिक्स नसलेला ‘एफ’ प्रोसेसर घेतला की ही सोयच हातची जाते आणि टाइमलाइन अडखळू लागते.

पुढे प्रोसेसर बदलायचा बेत असेल तर एएम५ बरे. २०२२मध्ये आलेल्या या सॉकेटला डीडीआर५च लागते आणि ७००० व ९००० दोन्ही मालिका त्यावर चालतात. बहुतेकांना बी६५० किंवा बी८५० पुरेसा आहे. एक्स८७०वर यूएसबी४ अनिवार्य आहे, त्याची किंमत गरज असेल तरच मोजावी. उरलेले पैसे बोर्डाच्या व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर घालावेत. एकाच चिपसेटच्या दोन बोर्डांत त्याचा दर्जा जमीन-अस्मानाचा असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा हीटसिंक नसलेले व्हीआरएम आधी तापते आणि मग प्रोसेसरचा वेग खाली येतो. लोक हा दोष कूलरवर टाकतात.

डबाबंद प्रोसेसरला साधारणपणे कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. सुट्या ‘ट्रे’ प्रोसेसरची जबाबदारी विक्रेत्यावर, म्हणून जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. बोर्ड ताब्यात घेताना एलजीए सॉकेटचे झाकण उघडून पिना प्रकाशात तपासाव्यात. वाकलेली पिन बहुधा वॉरंटीत बसत नाही.

एएम४चा कूलर काढण्याआधी संगणक १० मिनिटे चालवून कूलरखालची पेस्ट गरम करावी, मग बंद करून कूलर हलके पिळत उचलावा. थंड असताना ओढला तर प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. जोडणी झाल्यावर पडदा काळाच राहिला तर आधी प्रोसेसरला वीज देणारी ८ पिनांची वायर पाहावी. बोर्डावर चार स्लॉट असतील तर दोन रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असाव्यात. डीडीआर५ बोर्ड पहिल्या वेळी रॅमची जुळवणी करण्यात काही मिनिटे घेतो, तेवढ्यात घाबरून वीज बंद करू नये.