जेपीजीचं पीएनजी केलं म्हणून चित्र क्लिअर होत नाही

सांगलीत फ्लेक्सवाल्याकडं जावा नाहीतर लग्नपत्रिकेवाल्याकडं, एक वाक्य ठरलेलं, "पीएनजी पाठवा, क्वालिटी चांगली येते." मग गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लोगो कन्व्हर्टरमध्ये घालून पीएनजी करून पाठवतं. काहीजण तर फाइलचं नुसतं नाव बदलतात, आत जेपीजीच, त्यांच्याबद्दल बोलायलाच नको.

जेपीजी सगळ्यांना माहितीय. 1992 चं स्टँडर्ड, चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन करतं, डोळ्याला सहसा कळत नाही असं डिटेल टाकून देतं, म्हणून फाइल छोटी. पीएनजी 1996 चं, ते काही टाकत नाही, यालाच लॉसलेस म्हणतात, पारदर्शक बॅकग्राउंड पण ठेवतं.

घोळ पुढं आहे. लॉसलेस म्हणजे चांगलं चित्र नव्हे, जे दिलं ते जसंच्या तसं परत मिळणार, बास. पोत्यात भेसळीची हळद भरून तोंड कितीही घट्ट शिवलं तरी आत भेसळच राहणार की! जेपीजी करताना जे गेलं ते गेलं, उलट अक्षरांच्या कडेला जी खरखर आली ती पीएनजी इमानदारीत पिक्सेल-पिक्सेल सांभाळतं आणि त्यापायी फाइल बऱ्याचदा कितीतरी पट फुगते.

पटत नसेल तर गिंप या चित्रं एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बघा. ठळक अक्षरांचं एखादं लेबल बनवा, ते थेट पीएनजी म्हणून काढा, मग तेच 60 क्वालिटीच्या जेपीजीत काढा, आणि त्या जेपीजीचं परत पीएनजी करा. आता दोन-दोन चित्रं एकावर एक लेयर ठेवून वरच्या लेयरचा मोड डिफरन्स करायचा. जेपीजी आणि त्याच्यापासून केलेलं पीएनजी, सगळं काळंकुट्ट, म्हणजे काडीचाही फरक नाही. पहिलं पीएनजी आणि जेपीजी ठेवलं की अक्षरांच्या कडा दिसायला लागतात, अंधूक वाटल्या तर लेव्हल्स वाढवा.

तिथंच पीएनजीचा 0 ते 9 कॉम्प्रेशनचा स्लायडर असतो, लोकं भीतीनं तो 0 वर ठेवतात. कशाला? 9 ला फाइल छोटी होते, पिक्सेल तेच. म्हणून फाइल साइज किंवा चेकसम (अख्ख्या फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळवत बसू नका, पिक्सेल जुळवा. हां, 256 रंगांचं पीएनजी केलंत तर रंग जाऊ शकतात, पण ते आधी रंग कमी करताना जातात.

टेस्टला तयार चित्रं हवी असतील तर कोडॅकची 24 फोटोंची सेट आहे, पीएनजीतच मिळते. तुम्ही पीएनजी उघडणारा कोड लिहीत असाल तर विलेम व्हॅन शाइकचं पीएनजीस्वीट घ्या, हा पीएनजीच्या टेस्ट फाइल्सचा संच आहे, त्यात एक्सनं सुरू होणाऱ्या फाइल्स मुद्दाम बिघडवलेल्या आहेत, त्यांना एरर आलाच पाहिजे, गुपचूप उघडल्या तर तुमचा कोड गंडलाय.

आणि आयर्विन पुलाचा फोटो स्टेटसला टाकायला पीएनजी करू नका राव, जेपीजी बास झालं. लोगो असेल तर मात्र डिझायनरकडनं ओरिजिनलच मागा.