वाळू गेली की सरकली? किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाची मोजणी: ग्राहकांसाठी माहिती

मालवणजवळच्या देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी जीभ आहे. अशा जागी किनारा किती धुपला, हे पुळणीवर उभं राहून ठरवता येत नाही. पावसाळ्यात पुळणीवरून गेलेली बरीच वाळू लाटा फुटतात तिथेच बाहेर दांडा होऊन बसते आणि ऑक्टोबरनंतर हळूहळू परत येते. परत येणारी वाळू किती आणि कायमची गेलेली किती, हे पाण्याखालचा तळ मोजल्याशिवाय सांगता येत नाही. ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी, किनाऱ्यावरचे हॉटेलवाले, बंधाऱ्याचे ठेकेदार यांनी काम देण्याआधी हे वाचावं.

दहा सेंटिमीटरचा हिशोब

एक किलोमीटर किनारा आणि समुद्राकडे ७०० मीटर, म्हणजे ७० हेक्टर तळ. मोजणीत सगळीकडे एकाच दिशेने फक्त १० सेंटिमीटर चूक झाली, तर हिशोबात ७०,००० घनमीटर वाळू आपोआप ‘येते’ किंवा ‘जाते’. दहा घनमीटरच्या डंपरच्या त्या ७,००० खेपा झाल्या. म्हणून रंगीत नकाशा कितीही सुबक दिसला, तरी आधी उंची-खोली मोजण्याचं शून्य कुठे धरलं ते विचारा.

जीपीएस जी उंची देतं, ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. कोकणात त्या हिशोबाने समुद्रसपाटी उणे साठ मीटरच्याही खाली दिसते. नौदलाचे नकाशे चार्ट डेटमवर (ओहोटीच्या नीचतम पातळीच्या आसपासचं शून्य) असतात, बांधकामाचे बहुतेक आराखडे सरासरी समुद्रसपाटीवर. या दोन शून्यांमध्येच सहज मीटरभराचा फरक पडतो. जुना नकाशा एका शून्याचा आणि नवा दुसऱ्याचा असेल, तर त्यांची वजाबाकी निरर्थक आहे.

काम कसं चालतं

न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंड या वाळूच्या बेटाभोवती २०१२ च्या सँडी वादळानंतर जेट स्कीला एको साउंडर (तळाकडे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र) बांधून उथळ तळ मोजला गेला. आपल्याकडे तेच काम लहान फायबरची होडी करते. होडीच्या कुशीला पाइपवर २०० किलोहर्ट्झचा एको साउंडर, बरोबर त्याच्या माथ्यावर जीपीएसचा अँटेना, शेजारी होडीचं हेलकावणं टिपणारा सेन्सर, आणि किनाऱ्यावर पक्क्या खुणेवर दुसरा जीपीएस. दोन्ही जीपीएसचा दुवा टिकला तर उंची दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत बरोबर येते. दुवा तुटला की आकडे येतच राहतात, पण ते विश्वासाचे नसतात. तेवढी ओळ पुन्हा चालवावी लागते.

ओळी किनाऱ्याला काटकोनात, ५० मीटर अंतराने. एक किलोमीटरसाठी २१ ओळी, प्रत्येक ७०० मीटर. चार नॉटच्या वेगाने नुसत्या ओळींनाच दोन तास लागतात, वळणं वेगळी. शिवाय किनाऱ्याला समांतर दोन-तीन आडव्या ओळी. जिथे ओळी एकमेकींना छेदतात तिथली दोन्ही खोली जुळली पाहिजे. हा फरक १५ सेंटिमीटरवर जाऊ लागला तर काम थांबवून कारण शोधायचं. खाडीच्या तोंडाशी ५० मीटर पुरत नाहीत. तिथली नाळ, म्हणजे पाण्याची खोल वाट, ओळींच्या मधून निसटते, म्हणून तिथे प्रवाहाला आडव्या, १० ते २५ मीटर अंतराच्या ओळी घ्याव्या लागतात.

होडी जिथवर येऊ शकत नाही, तिथवर माणूस काठीवरचा जीपीएस घेऊन चालत जातो. म्हणून दिवस उधाणाचे निवडतो: पहाटेच्या सुकतीला (ओहोटीला) पुळणीवरून जमेल तितकं पाण्यात उतरायचं आणि भरतीला होडी जमेल तितकी किनाऱ्याकडे आणायची. दोन्ही मोजण्या एकमेकींवर चढलेला पट्टा हा आमच्या मते सगळ्या कामाचा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. अडचण एकच. अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारच्या सुमारास लागते आणि वाराही तेव्हाच जोर धरतो. त्यामुळे रोज कामाचे दोन-अडीच तासच मिळतात. किलोमीटरभराच्या कामाला दोन दिवस धरा आणि एक दिवस हाताशी ठेवा.

चुका कुठे शिरतात

सर्वांत फसवी चूक आवाजाच्या वेगाची. २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो, त्याच तापमानाच्या गोड पाण्यात १,५०५. यंत्रावर समुद्राचा वेग ठेवून कर्लीच्या गोड्या पाण्यावर गेलात, तर सहा मीटरचा तळ १४ सेंटिमीटर जास्त खोल दिसतो. यावर उपाय जुना आणि खात्रीचा आहे. एको साउंडरच्या खाली लोखंडी पाटी दोन साखळ्यांनी आडवी सोडायची, साखळीवर दर मीटरला रंगाची खूण. पाटी दोन मीटरवर असताना यंत्राने दोनच दाखवलं पाहिजे, चारवर चार. नायलॉनची दोरी चालत नाही, ती ताणते. ही तपासणी सकाळी, संध्याकाळी आणि खाडीतून समुद्रात जाताना करायची.

जीपीएस आणि एको साउंडरच्या वेळेत अर्ध्या सेकंदाचा फरक असला, तर चार नॉटला जागा एक मीटरने चुकते. एकाच उतारावरून जाता-येता ओळ घेतली की ते उघडं पडतं. पंख्याच्या फेसाचे बुडबुडे साउंडरखाली आले की तळ तुटक दिसतो. डिझेल भरलं, माणसं एका कुशीला बसली की साउंडर पाण्यात किती बुडालाय ते बदलतं. बंधाऱ्याच्या पायथ्याचा खड्डा तर नेहमी उथळ दिसतो, कारण साउंडरच्या आवाजाचा आठ अंशांचा झोत सहा मीटरवर ८० सेंटिमीटरहून रुंद पसरतो आणि आधी शेजारच्या दगडावर आपटतो. तिथे बहुझोती यंत्रच (एकाच वेळी अनेक अरुंद झोत सोडणारं) लावा. पण तेच यंत्र साऱ्या उथळ पट्ट्यासाठी घेऊ नका: तीन मीटर पाण्यात ते दहा-बारा मीटरच रुंद पाहतं आणि खर्च वाढतो.

उपग्रहचित्रावरून खोली काढण्याचा पर्याय स्वस्त आहे, मात्र गढूळ खाडीमुखाशी त्याचा भरवसा धरू नये.

केव्हा मोजावं, काय मागून घ्यावं

एप्रिल ते मेचा मध्य, आणि दिवाळीच्या सुमारास. तुलना एप्रिलची एप्रिलशीच करा. ऑक्टोबर आणि एप्रिलची केलीत तर ऋतूची नेहमीची भर ‘किनारा वाढला’ म्हणून कागदावर येईल. मालवण सागरी अभयारण्याच्या (१९८७) हद्दीत वनखात्याची परवानगी लागते, आणि बंदर कार्यालयाला कळवावं लागतं.

कोणालाही काम द्या, नकाशाबरोबर चार गोष्टी घ्याच: कच्चे आकडे, पाटीच्या तपासणीची नोंद, आडव्या ओळींचा ताळा, आणि खुणेच्या दगडाची उंची व फोटो. ही खूण बंधाऱ्यावर कधीच करू नका, बंधारा खचतो. रस्त्यापलीकडच्या शाळेच्या किंवा देवळाच्या जुन्या जोत्यावर स्टेनलेसची खीळ ठोका, आणि रंगकाम निघालं की ती उखडू नये असं रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवा.