चिनी सुरावटी पियानोवर कशा आल्या, त्याची थोडी पार्श्वभूमी

पियानोवर वाजवलेलं 'चायनीज क्लासिकल' ऐकलं की वाटतं हे शेकडो वर्षांपूर्वीचं काहीतरी असणार. धून जुनी असते खरी, पण पियानोवरची मांडणी बहुतेक वेळा १९७० च्या दशकातली निघते, आणि तीही चक्क सांस्कृतिक क्रांतीच्या, म्हणजे माओच्या १९६६ ते ७६ च्या मोहिमेच्या काळातली!

वाद्य तसं फार आधी पोचलेलं. मात्तेओ रिची या जेझुइट पाद्रीने १६०१ मध्ये बीजिंगच्या दरबारात क्लाविकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) भेट दिला, पण तो राजवाड्यापुरताच राहिला. खरा पियानो आला अफूच्या युद्धानंतर, परदेशी व्यापारी आणि मिशनऱ्यांबरोबर. शामेनजवळच्या गुलांगयू बेटाला तर अजून पियानोचं बेट म्हणतात. १९२७ ला शांघायमध्ये संगीत विद्यालय निघालं, १९३४ ला चेरेप्निन या रशियन संगीतकाराने चिनी ढंगाच्या पियानो रचनांची स्पर्धा ठेवली आणि ह लुटिंगच्या 'गुराख्याचा पावा'ला पहिलं बक्षीस मिळालं. दोन हात दोन स्वतंत्र धुनी वाजवतात, आणि तरी ऐकायला अस्सल चिनी.

मग १९६६, सांस्कृतिक क्रांती सुरू. पियानो म्हणजे भांडवलदारांचं वाद्य, झालं. पियानोवादक लियू शिकुन, जो १९५८ च्या चायकोव्स्की स्पर्धेत दुसरा आला होता, तो तुरुंगात गेला, आणि ह लुटिंगवर तर टीव्हीवरून जाहीर आरोपसभा झाली (तो तिथेही नमला नाही, हे मला फार आवडतं). यिन चेंगझोंग हा दुसरा पियानोवादक, गुलांगयूचाच, त्याने १९६७ ला पियानो सरळ तिआनआनमेन चौकात नेला आणि लोकांना आवडतील ती गाणी वाजवली. पुढे क्रांतिकारी ऑपेराला पियानोची साथ, मग १९३९ च्या एका कॅन्टाटावरून (गायनवृंद आणि वाद्यवृंदाची रचना) समितीने बसवलेला 'यलो रिव्हर' कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना), आणि पियानो वाचला.

पण वाजवायचं काय? पाश्चात्त्य संगीत बंद, स्वतःचं नवीन लिहिणं धोक्याचं. मग लोकगीतं आणि जुन्या धुनींना हात घालणं त्यातल्या त्यात सेफ. वांग जियानझोंगने १९७३ ला गुचिन या सात तारांच्या जुन्या वाद्यावरची 'मेहुआ सान्नोंग' पियानोवर आणली, ली यिंगहायने १९७५ ला पिपा या छेडून वाजवायच्या तंतुवाद्यावरची सांजवेळच्या बासरी-ढोलाची रचना. आबिंग या वूशीच्या अंध कलाकाराची अरहू या दोन तारांच्या, गजाने वाजवायच्या वाद्यावरची धूनही अशीच आली.

आता गंमत म्हणजे गुचिन आणि अरहूचा सगळा जीव मींडेत, आणि पियानोवर मींड येतच नाही, पेटीचं रडगाणं तेच ना. मग या लोकांनी मुख्य सुराआधी पटकन एक शेजारचा सूर टेकवायचा, पिपाच्या थरथरीसाठी एकच पट्टी भराभर वाजवायची, गुझेंग या अनेक तारांच्या आडव्या वाद्यासाठी लांबलचक सूर ओघळवायचे, असल्या युक्त्या काढल्या. लीच्या रचनेची सुरुवात ऐका, एकच सूर हळूहळू वेग घेत जातो, तो ढोल. सगळीकडे हे जमलंय असं नाही, अरहूच्या धुनीत मला मूळचं दुखणं थोडं कमीच वाटतं, पण मेहुआमध्ये वरच्या पट्टीतले ते बारीक घंटेसारखे सूर म्हणजे गुचिनचे हार्मोनिक्सच, तारेला हलका स्पर्श करून काढलेले.