लिंगभाव विषमता, हिंसा आणि एचआयव्ही प्रतिबंध

कंडोम, तपासणी, एआरटीची (विषाणूला दाबून ठेवणाऱ्या उपचाराची) औषधे, संसर्ग होण्याआधी किंवा जोखमीच्या संबंधानंतर घ्यायच्या गोळ्या हे एचआयव्ही रोखण्याचे प्रमुख उपाय. वापरणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या शरीराबद्दल निर्णय घेता येतो, हे या सगळ्यांत गृहीत धरलेले असते. तो निर्णय नवऱ्याच्या, सासरच्या, गिऱ्हाइकाच्या किंवा पोलिसाच्या हाती असला, की उपाय दवाखान्याच्या कपाटातच राहतो. भारतात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत, त्यांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रिया. संख्येने सर्वाधिक बाधित महाराष्ट्रात आहेत.

देशात पहिला संसर्ग १९८६ मध्ये चेन्नईत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये आढळला आणि प्रतिबंधाचा सगळा रोख तिकडे वळला. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या (नारी) संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रिया तपासल्या, तेव्हा वेगळे चित्र दिसले. देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित निघाल्या. बऱ्याच जणींचा नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता. ‘जोडीदाराशी एकनिष्ठ राहा’ हा सल्ला त्या आधीपासूनच पाळत होत्या. धोका घरातच होता.

घरात कंडोम मागायचा तर कारण लागते, आणि खपणारे कारण एकच: पाळणा लांबवणे. तेच नसबंदीने संपते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) विवाहित स्त्रियांमध्ये स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर कंडोमचे ९.५ टक्के होते. ‘ऑपरेशन झालंय, मग आता हे कशाला?’ या प्रश्नाला ‘तुमच्यावर विश्वास नाही’ किंवा ‘माझंच काहीतरी आहे’ एवढीच दोन उत्तरे उरतात, आणि दोन्हींचा शेवट मारहाणीत होऊ शकतो. त्याच पाहणीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित (विधवा, विभक्त धरून) स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले, महाराष्ट्रात २५.२ टक्के.

हिंसेचा संसर्गाशी थेट संबंधही आहे. जबरदस्तीच्या संबंधात योनी किंवा गुदद्वाराचे अस्तर फाटते आणि विषाणूला वाट मिळते. आधीची गुप्तरोगाची जखम असेल तर धोका वाढतो. तिसऱ्या कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकडेवारीवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, नवऱ्याकडून शारीरिक व लैंगिक अशी दोन्ही प्रकारची हिंसा सोसलेल्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.७३ टक्के, तर हिंसा न सोसलेल्यांत ०.१९ टक्के आढळले. मारहाण करणारे नवरे स्वतः बाधित असण्याची शक्यताही अधिक असते. तृतीयपंथी व्यक्तींच्या वाट्याला हेच कुटुंबाकडून, गिऱ्हाइकाकडून आणि रस्त्यावर येते.

तपासणीचा पेच सर्वांत बारकाईने पाहावा असा आहे. गरोदरपणात तपासणी सरसकट सुचवली जाते. नवऱ्याची मात्र तो आला तर होते. साहजिकच घरात पहिला ‘पॉझिटिव्ह’ कागद सुनेच्या नावाचा येतो, आणि आजार ‘तिनेच आणला’ असे ठरते. म्हणून आयसीटीसीमधील (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रातील) समुपदेशकाने अहवाल देण्यापूर्वीच, बाईला एकटीला बसवून विचारावे: घरी कोणाला सांगणार? तो चिडला तर काय करतो? पूर्वी हात उगारला होता का? रात्री निघावे लागले तर कुठे जाल? सासू शेजारी बसलेली असताना हे प्रश्न विचारणे न विचारण्यापेक्षा वाईट. उत्तर धोक्याचे वाटले, तर नवऱ्यालाही ‘बाळासाठी दोघांची तपासणी’ म्हणून बोलावून दोघांचे अहवाल एकाच बैठकीत, अर्थात दोघांच्या संमतीने, देता येतात.

कायदा इथे बाईच्या बाजूने आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ च्या कलम ९ नुसार जोडीदाराला कळवण्याचा अधिकार डॉक्टर-समुपदेशकाला ठरावीक अटींवरच आहे. कळवल्याने हिंसा होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, तर कळवू नये. कलम २९ राहत्या घरात राहण्याचा हक्क देते. तरीही कानोकानी बातमी फुटते; ओळखीच्या कर्मचाऱ्याने विचारलेला साधा ‘औषध चालू केलं का?’ पुरतो.

एचआयव्हीचे औषध रोज एकच गोळी असते, पण महिन्याची डबी हलवली की खुळखुळते. ती तांदळाच्या डब्यात लपवणे, गोळ्या कॅल्शियमच्या बाटलीत भरणे, माहेरी किंवा लग्नाला जाताना खंड पडणे, हे केंद्रावर नेहमीचे आहे. खंड पडला की विषाणूभार (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) पुन्हा वाढतो आणि संसर्ग पुढे जाण्याची शक्यताही. चुकलेल्या गोळ्यांबद्दल रागावण्याआधी डबी कुठे ठेवता, हे विचारलेले बरे.

लैंगिक अत्याचारानंतर प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितके चांगले. ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नाही. मूळ तपासणीसाठी रक्त घ्यावे, पण अहवालासाठी थांबू नये. टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ., लॅमिव्ह्युडिन ३०० मिग्रॅ. व डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅ. यांची एकत्र गोळी रोज एक, २८ दिवस. चुकते ते इथे: ‘आधी पोलीस ठाण्यात जा’ म्हणून परत पाठवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी व खासगी रुग्णालयांनी मोफत उपचार तत्काळ द्यायचे आणि पोलिसांना रुग्णालयानेच कळवायचे. दुसरी चूक म्हणजे पहिले काही दिवस औषध देऊन पुढच्या गोळ्यांसाठी फेरी मारायला सांगणे. ती फेरी बहुधा होत नाही. अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजबरी भारतीय न्याय संहितेत बलात्कार ठरत नाही. त्यामुळे औषध देण्यास वैद्यकीय अडचण नसली तरी विवाहितेला नवऱ्याने बळजबरी केली का, हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ आणि पुढे ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ यांनी दुसऱ्या टोकाने, म्हणजे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या बाजूने, काम केले. कंडोम वाटणे पुरत नाही. गुंडाची मारहाण आणि पोलिसांचा त्रास थांबल्याशिवाय गिऱ्हाइकाला नकार देता येत नाही, हा तिथला अनुभव. पिशवीतला कंडोम पुरावा धरला जात असेल, तर बाई तो जवळ ठेवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशाने कंडोम पुरावा म्हणून पाहू नये असे सांगितले.

आफ्रिकेतील चाचण्यांचे निकाल सरळ रेषेतले नाहीत. युगांडातील कंपालात ‘सासा!’ या वस्तीपातळीवरील उपक्रमामुळे जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा ५२ टक्क्यांनी कमी आढळली. दक्षिण आफ्रिकेतील लिंपोपो प्रांतात छोटी कर्जे आणि लिंगभावाचे प्रशिक्षण एकत्र दिल्यावर हिंसा निम्म्याहून अधिक घटली, पण नव्या संसर्गावर परिणाम दिसला नाही. नुसती जाणीवजागृती किंवा नुसते बचत गट यांवर भिस्त ठेवणे म्हणूनच धोक्याचे.

नव्या साधनांचे महत्त्व ती लपवता येतात यात आहे. महिनाभर योनीत राहणारी डॅपिव्हिरिन रिंग धोका अंशतःच, सुमारे एक तृतीयांशाने, कमी करते. सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाव्हिर इंजेक्शनाच्या दक्षिण आफ्रिका व युगांडातील चाचणीत, २०२४ च्या निकालानुसार, इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. डबी नाही, खुळखुळ नाही. मात्र वर्षातून दोनदा केंद्रापर्यंत जायचे निमित्त आणि गाडीभाडे तिला जमवावे लागते.