जुन्या पीसीत फ्लॉपी ड्राइव्ह न जुळणं

फ्लॉपी आत नीट बसते, लाइट लागतो, मोटर फिरते आणि तरी वाचता येत नाही असा एरर येतो, हा तो प्रॉब्लेम. नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या एखाद्या वर्कशॉपात जुना पीसी निघाला आणि त्यातली ड्रॉइंगं हवी असली की पहिला अडथळा हाच येतो.

सगळ्यात जास्त फसवते ती सव्वापाच इंची फ्लॉपी. ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये ४० ट्रॅक, म्हणजे डेटाच्या गोल रांगा, असतात, १९८४ च्या आयबीएम एटी या पीसीबरोबर १.२ एमबीचा आला त्यात ८०, म्हणजे वाचणारं-लिहिणारं हेडच जवळपास निम्म्या रुंदीचं. नवा ड्राइव्ह जुनी फ्लॉपी बिनबोभाट वाचतो पण त्याच्यावर लिहिलं की रुंद ट्रॅकच्या मधोमध बारीक पट्टी उमटते, कडेला जुना डेटा तसाच राहतो, मग जुन्या ड्राइव्हचं रुंद हेड दोन्ही एकत्र वाचतं आणि सगळी खिचडी होते. लोक ड्राइव्ह बिघडला म्हणून बदलतात, त्याची काही गरज नसते. लिहायचं काम जुन्याच मशीनवर करा, नव्यावर फक्त वाचा, हाच खात्रीचा मार्ग.

साडेतीन इंचीत ७२० केबी आणि १.४४ एमबी हा फरक. एटीच्या आधीच्या आयबीएम एक्सटीचा मूळ कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारं कार्ड) सेकंदाला २५० किलोबिटच देतो, १.४४ ला ५०० लागतात, शिवाय पीसी चालवणारी सिस्टिम, म्हणजे डॉस, ३.३ च्या आधीची असेल तर ती १.४४ ओळखतच नाही.

केबलही बघा. ३४ तारांपैकी १० ते १६ मध्ये पीळ असतो, पिळानंतरचा ड्राइव्ह ए, आधीचा बी. ३४ नंबरच्या पिनवर एटी फ्लॉपी बदलल्याचा सिग्नल शोधते, अमिगा या वेगळ्या जातीच्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये तिथे वेगळाच सिग्नल असतो. तो सिग्नल आला नाही तर फ्लॉपी बदलली तरी स्क्रीनवर आधीचीच यादी दिसत राहते, आणि तशात काही सेव्ह केलं तर नव्या फ्लॉपीची वाट लागते! हे फार वाईट, कारण एरर येतच नाही.

पावसाळ्यात कपाटात पडलेल्या फ्लॉपीला बुरशी धरते, ती हेडला चिकटून पुढची चांगली फ्लॉपीही खराब करते. म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसा, मग जंपर (ड्राइव्हवरच्या पिना जोडून सेटिंग ठरवणारी छोटी टोपी) आणि केबलच्या मागे लागा. आता बरेच जण ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्हवर चालणारा गोटेक बसवतात, पण त्याचाही ड्राइव्ह सिलेक्टचा, म्हणजे कोणता ड्राइव्ह ते ठरवणारा, जंपर केबलप्रमाणे लावावाच लागतो.