भेंडी, सुरण आणि कागदाचं फर्निचर

कागदाचं फर्निचर म्हटलं की वाटतं शोभेचं काहीतरी असेल, चार दिवसांत फाटेल. पण जपानचा हाताने केलेला वाशी कागद वेगळाच आहे. आपल्या वहीचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्याचे तंतू जेमतेम १ ते ३ मिलिमीटर, आणि वाशी होतो कोझो या तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या आतल्या सालीपासून, तिचे तंतू साधारण १० मिलिमीटर, म्हणजे ते एकमेकांत भरपूर गुंततात आणि ओढलं तरी सहजी सुटत नाहीत.

आता मला सगळ्यात भावलेली गोष्ट. एवढे लांब तंतू पाण्यात सोडले की गुठळ्या होणार ना? म्हणून त्यात तोरोरो-आओई या झाडाच्या मुळांचा रस घालतात, आणि हे झाड आपल्या भेंडीचं सख्खं भावंड! भेंडी चिरताना हाताला जे बुळबुळीत लागतं तसाच तो रस. पण तो डिंक नाही हं, तंतू चिकटवायचं काम त्याचं नाहीच, तो नुसतं पाणी दाट करतो, त्यामुळे तंतू तरंगत राहतात, जाळीतून पाणी सावकाश गळतं आणि कारागिराला साचा हलवत थरावर थर चढवता येतो. उष्णतेने हा रस पातळ होतो, म्हणून हे काम ऐन थंडीत, गारठलेल्या पाण्यात हात घालून करायचं.

फर्निचरला ओल सोसावी लागते. तिथे येतो कोन्न्याकू, सुरणाच्याच जातीचा कंद. त्याच्या पिठाची खळ चढवली की कागद चिवट होतो. दुसऱ्या महायुद्धात जपानने याच कागदाचे सुमारे १० मीटर व्यासाचे फुगे केले आणि त्यातले काही पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत पोचले. पर्सिमनचा आंबवलेला रसही लावतात, ते फळ आपल्या टेंभुर्णीच्या नात्यातलं.

डिझायनरने मात्र कागदाचा स्वभाव ओळखायला हवा. तो ताण सोसतो, दाब नाही, म्हणून सांगाडा बांबूचा किंवा लाकडाचा हवाच. जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची यांनी १९५१ मध्ये जपानच्या गिफू शहरातले कागदी कंदील बघून ‘अकारी’ नावाचे दिवे केले ते असेच: लाकडी साच्यावर बांबूची कामटी गुंडाळायची, वर वाशीच्या पट्ट्या चिकटवायच्या, वाळलं की साचा सुटा करून आतून काढून घ्यायचा. आतला दिवा डोळ्यांत खुपत नाही, कारण तंतू उजेड सगळीकडे विखुरतात, आणि घर बदलताना तो अख्खा दिवा घडी होऊन चपट्या खोक्यात मावतो.