जिरोएमोन किमुरा: ११६ वर्षांमागची कागदपत्रे

१२ जून २०१३ रोजी जपानच्या क्योतो प्रांतातल्या क्योतांगो इथे जिरोएमोन किमुरा वारले, तेव्हा त्यांचे वय ११६ वर्षे ५४ दिवस होते. वय कागदोपत्री तपासून मान्य झालेल्या पुरुषांत याहून अधिक आजवर कोणी जगलेला नाही.

आयुष्य तसे साधे. शेतकऱ्याच्या घरात १८९७ साली जन्म, सुमारे ४५ वर्षे टपाल खात्यात नोकरी, १९६२ मध्ये निवृत्ती आणि मग नव्वदीपर्यंत शेतातली कामे. थोडके जेवावे, म्हणजे दीर्घ जगता येते, असे ते सांगत. पडताळणी करणाऱ्याला मात्र वेगळाच प्रश्न पडतो: जन्मलेले बाळ होते किंजिरो मियाके, वारले ते जिरोएमोन किमुरा. हा माणूस एकच कशावरून?

किमुरा घरजावई होते. जपानी रीतीत असा जावई दत्तक घेतला जातो आणि सासरचे आडनाव लावतो. त्या घरात कर्त्या पुरुषाचे नावही वारशाने चालत आलेले, म्हणून हे ‘नववे जिरोएमोन’.

इथे उपयोगी पडते ती ‘कोसेकी’, म्हणजे कुटुंबाची नोंदवही. देशभर ती १८७२ पासून आहे. माणूस लग्नाने किंवा दत्तक जाऊन दुसऱ्या घरात गेला की जुन्या वहीत त्याचे नाव कापून तो कुठे गेला ते लिहीत, नव्या वहीत कुठून आला ते. तपासणारा मृत्यूकडून जन्माकडे ही साखळी उलटी चढत जातो. भावंडांच्या जन्मतारखा, आईवडिलांची वये, शाळा-नोकरीच्या नोंदी तिच्याशी जुळवून पाहतो.

साखळी तुटते ती बहुधा बालपणात. तोकुनोशिमा बेटावरचे शिगेचियो इझुमी १९८६ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे वय १२० वर्षे २३७ दिवस मानले गेले होते. पुढे शंका आली की जन्मनोंद लहानपणी वारलेल्या थोरल्या भावाची असावी आणि तेच नाव धाकट्याला दिले असावे. तसे असेल तर वय १०५ च्या आसपास येते. गिनीजने ती मान्यता काढून घेतली.

दुसरा दोष शेवटच्या टोकाला असतो. मृत्यू कळवला नाही, तर कोसेकीत माणूस जिवंतच राहतो. २०१० च्या तपासणीत शंभरी ओलांडलेल्या, पण ठावठिकाणा नसलेल्या २,३४,३५४ नोंदी सापडल्या. त्यांतले बहुतेक केव्हाच वारलेले होते. म्हणून नुसती नोंद पुरत नाही, माणूस डोळ्यांनी दिसावा लागतो. किमुरा गावातच, घरच्यांसोबत राहत होते.

एक गोष्ट मात्र त्यांच्याही बाबतीत उरली. नातेवाइकांच्या सांगण्यानुसार त्यांचा जन्म १९ मार्चचा. १९५५ मध्ये आसपासच्या गावांचे विलीनीकरण होऊन वह्या नव्याने लिहिल्या, तेव्हा ‘१९ एप्रिल’ असे चुकून पडले. मार्च धरला तर वय ११६ वर्षे ८५ दिवस होते. विक्रमात मात्र ५४ दिवसच धरले आहेत.